पंचायतीची ताटं

“ही नावं घासून काढू आणि ग्रामपंचायतीचं नाव घालून घेऊ, तात्या,” सरपंचबाई ताट उजेडाकडे धरत म्हणाल्या.

लग्नांतल्या थर्माकोलच्या पत्रावळ्यांनी गावचा ओढा तुंबला होता. कार्यांसाठी पंचायतीनं स्टीलची ताटं ठेवायचं ठरलं, पण नव्या खरेदीला पैसा नव्हता. ज्यांच्या माळ्यावर पडून असतील त्यांनी द्यावीत, असं तात्यांनीच सुचवलं आणि पहिलं खोकंही त्यांचंच आलं. ती ताटं त्यांनी लेकीच्या लग्नासाठी घेतली होती. तिनं स्वतःच्या मनानं कोर्टात लग्न केलं, तेव्हा ताटं माळ्यावर गेली आणि तिचं नाव घरात निघेनासं झालं.

“राहू द्या नावं,” तात्या खेकसले. “घासायची मजुरी पंचायतीनं का भरायची?”

माघात शेजारच्या पोरीचं लग्न निघालं. मैत्रिणीसाठी लेक आली आणि पंगतीत मान खाली घालून बसली. पुढ्यात पंचायतीचं ताट होतं. तात्या जिलबी वाढत तिच्यापाशी पोचले, तेव्हा तिचं बोट ताटाच्या काठावरून फिरत होतं: ‘चि. सौ. कां. नयना हिस, आई-तात्यांकडून.’

“तात्या, माझं नाव तसंच राहू दिलंत?”

“पंचायतीचा खर्च वाचला.” या वेळी तात्या खेकसले नाहीत. जिलबी वाढून झाली तरी तात्यांचा पाय पुढे पडेना. सगळी पंगत खोळंबली.

“जावई कुठं बसलेत?” त्यांनी विचारलं.