उरलेली लेबलं

बिस्किटांच्या कारखान्यात बाई लेबलाचे नियम शिकवत होत्या. "बिस्किटात आजपासून शेंगदाणा पडणार असेल, तर जुनी लेबलं आजच फाडायची. एकही वापरायचं नाही."

पॅकिंगचे काका हसले. "अहो बाई, दोनशेच तर उरलीत. चांगली लेबलं वाया कशाला घालवायची?"

"मी पॅकिंगला होते तेव्हा मीही हेच म्हणाले होते. तीही दोनशेच होती."

"मग? झालं का काही?"

"एकशे नव्व्याण्णव पुडे लोकांनी खाल्ले, काही झालं नाही."

बाई फळा पुसायला वळल्या.



"एक सासूबाईंनी दुकानातून आणला. शेंगदाण्याने माझ्या लेकीचा श्वास कोंडायचा, म्हणून त्यांनी लेबल दोनदा वाचलं आणि मगच पुडा फोडला."