सुतकाचं लोखंड

मिलान गाजवून वॉर्साला परतलेल्या होनोराताला आज ऑपेरात गुराखीण रंगवायची होती आणि तिच्या आरशापुढे रशियन गव्हर्नरने धाडलेला हिऱ्यांचा हार झगमगत होता. “घाल गं मुकाट्यानं,” कपडेपटातली म्हातारी तेओफिला कुजबुजली. “तुझ्या भावासारखं सायबेरियात सडायचंय का?” होनोराताने हार बाजूला सारला आणि आईची काळी लोखंडी साखळी गळ्यात घातली. रशियाविरुद्धचं पोलिश बंड मोडलं त्या वर्षी घरोघरच्या बायकांनी सोनं उतरवून असंच सुतकाचं लोखंड घातलं होतं. पुढे गव्हर्नरने त्यावर बंदी आणली. रंगमंचावर तिचा पहिला सूर लागताच वरच्या स्वस्त बाकांवरच्या बायकांनी झग्याआड लपवलेल्या साखळ्या एकेक करून बाहेर काढल्या. मध्यंतरात गव्हर्नर लालबुंद होऊन तिच्या खोलीत शिरला. “आमचे हिरे कुठे आहेत?” होनोराताची मान ताठच राहिली. “गुराखिणीच्या गळ्यात हिरे, सरकार? लोकांना चोरीचे वाटले असते.”