चतुराबाईंचा अंगठा

चतुराबाईंनी अंगठा शाईच्या गादीवर दाबला, वर उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. समोर कारकून केशवराव कागद पुढे करून बसले होते.

"हा कागद किती दिवस चालतो?" चतुराबाईंनी विचारलं.

"एक साल, अम्मा."

"मग नक्को." चतुराबाईंनी अंगठा मागे घेतला.

शेजारी उभी असलेली सून, सत्यवती, चटकन पुढे सरकली. नवऱ्याच्या माघारी तिला वजिफा मिळायचा, म्हणजे पेन्शन. तो चालू राहायचा तर विधवेनं पुन्हा लग्न केलेलं नाही असा दाखला आबिड्सच्या या कचेरीत दर वर्षी द्यावा लागे. त्यावर घरच्या एका माणसाचा अंगठा आणि एका प्रतिष्ठित गृहस्थाची सही. निजामी गेली, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, कागदावरची उर्दू जाऊन इंग्रजी आली. दाखला मात्र जागचा हलला नाही. सरकार कुठलंही असो, विधवेच्या लग्नावर त्याची नजर असतेच.

प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे मुकुंदराव. काचीगुड्याच्या शाळेत मास्तर, एकटे. सही करून ते बाजूला उभे होते, आणि ती करताना त्यांचा हात किती जड झाला होता ते सत्यवतीनं पाहिलं होतं. गेल्या दिवाळीत त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती नाही म्हणाली होती, मनात असून. लग्न केलं की वजिफा बंद, आणि वजिफा बंद झाला की सासूबाई उघड्यावर. त्यांचा एकुलता लेक गेलेला, दुसरं कुणी नाही. आणि सुनेच्या नव्या घरी जाऊन त्या जेवतील, हे तर स्वप्नातही शक्य नव्हतं. म्हातारीचा पीळ सत्यवती ओळखून होती. यातलं काही सासूबाईंच्या कानावर नाही, अशी तिची आपली समजूत होती.

मुकुंदराव पुढे झाले आणि वर्गात समजावतात तसं समजावू लागले, की कागद साधाच आहे, मजकूर खराच आहे, अंगठा लावायला हरकत नाही. चतुराबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, साक्षीला माणूस वर्षातून एकदा लागतो. तुम्ही तर दत्ताचा प्रसाद घेऊन दर गुरुवारी येता की."

मास्तरांचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांनी टोपी काढली, उगाच झटकली आणि पुन्हा घातली. सत्यवतीला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. तसं काही नाही, मी तुम्हाला सोडून कुठंही जायची नाही, अंगठा तेवढा लावा, असं ती खालच्या आवाजात पुन्हा पुन्हा विनवू लागली.

"बघ," चतुराबाई केशवरावांना म्हणाल्या, "घरी विषय काढला असता तर हिनं मला असंच गप्प केलं असतं. म्हणून इथं आणली. आता मला वाचून दाखवलास तो कायदा हिला दाखव."

केशवरावांनी हसू मिशीत दाबलं. भजनाला जाते म्हणून घरी सांगून चतुराबाई गेल्या आठवड्यात एकट्याच सायकलरिक्षानं कचेरीत आल्या होत्या. नव्या कायद्याचं पुस्तक त्यांनी कपाटातून काढायला लावलं होतं आणि त्यातलं सगळं मराठीत करून घेतल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. तेच पुस्तक केशवरावांनी पुन्हा उघडलं. जुन्या कायद्यात विधवेनं लग्न केलं की वजिफा बुडायचा. नव्यात तो मयताच्या आईच्या नावावर होत होता, तिच्या हयातीपर्यंत.

"ऐकलंस?" चतुराबाई सुनेला म्हणाल्या. "माझा लेक अजून मला पोसायला तयार आहे. तू कशाला मधी अडून बसलीस?"

सत्यवतीला हसू आणि रडू एकदमच आलं. इतका आनंद झाला, की चारचौघांत तो लपवायचा कसा ते तिला कळेना. तिनं सासूचा हात घट्ट धरला, आणि शाई तिच्याही हाताला लागली. मुकुंदराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, पण त्यांचे कान लाल झालेले सगळ्यांना दिसत होते.

केशवरावांनी दुसरा कागद काढला आणि जरा चाचरत सांगितलं, की आईलाही तीच अट आहे. आपण पुन्हा लग्न केलेलं नाही असा दाखला चतुराबाईंनाही दर साल द्यावा लागेल.

चतुराबाई थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग बोळक्या तोंडावर पदर घेऊन अशा हसत सुटल्या, की दारातला चपराशी आत डोकावला आणि काही न कळताच हसू लागला. शाईचा एक ठिपका त्यांच्या हनुवटीवर उमटला. डोळे पुसून त्यांनी विचारलं, माझ्या दाखल्याला साक्ष कुणाकुणाची?

तशीच, केशवराव म्हणाले. एक प्रतिष्ठित गृहस्थ, ते तर इथंच उभे आहेत. आणि घरचं एक माणूस.

चतुराबाईंचं हसू थांबलं. घरी आता दुसरं माणूस कुठलं उरणार होतं?

सत्यवतीनं कागद आपल्याकडे ओढला. "घरची मी आहे," ती केशवरावांना म्हणाली. "दर साल मी येईन. लिहा माझं नाव."

चतुराबाईंनी अंगठा पुन्हा गादीवर टेकवला आणि कागदावर ठसठशीत उठवला.

"साल फार लांब पडतं," त्या सुनेला म्हणाल्या. "दर गुरुवारी येऊन बघत जा. माझा काय भरवसा?"