दुसरी सीट

नवऱ्याच्या लढाऊ विमानाला तिनं सवत म्हणून केव्हाच पत्करलं होतं. त्याचा गणवेश धुवायला टाकताना खिशातली उड्डाणाची चिठ्ठी ती रोज वाचायची. विमानाच्या नावापुढे 'सी' असलं, की सीट एकच; जिवाला घोर नाही. या आठवड्यात मात्र चारही चिठ्ठ्यांवर 'डी' होतं. डी म्हणजे दोघं बसणार. आणि तुकडीत परवाच एक वैमानिक बाई आलेली, तरुण, चुणचुणीत. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवताना तिनं चारही चिठ्ठ्या त्याच्या ताटाशेजारी आपटल्या. "मागच्या सीटवर तीच बसते ना?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"नाही गं. ती पुढे बसते, मागे मी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एकट्यानं उडायला मनाई केलीय."