बयाबाईचा नवा गळा

“आता सुई नाय घ्यायची. झालं तेवढं लय झालं,” बयाबाई नवऱ्याला म्हणाली, आणि स्वतःच्याच जाड आवाजाला दचकून तिनं तोंडाला पदर लावला.

गोरक्ष सातपूरच्या कारखान्यातली पाळी बदलून तिला नाशकातल्या द्वारका चौकातल्या डॉक्टरांकडे न्यायला आला होता. बयाबाईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. दुखणं बरं व्हायचं नाही, पण या सुयांनी ठणका कमी होईल. तो झालाही. कूस बदलताना रडणारी बाई उठून चहा करायला लागली. फक्त त्या पुरुषी हार्मोनच्या सुयांनी ओठावर लव आली, आणि आवाज असा झाला की दूधवाला दाराबाहेरून तिला ‘मालक’ म्हणायचा.

आणि आवाज कुणाचा? तर जिच्या गळ्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागत नसे, तिचा. उद्या तर तिच्या लेकीची, मैनाचीच हळद.

“ठणका परत येईल,” गोरक्ष म्हणाला.

“येऊ द्या. लेकीच्या मांडवात हसं नको.”

गोरक्षनं पायातल्या चपला परत काढल्या. बायकोपुढं त्याचं कधी चाललंय?

दुसऱ्या दिवशी नवरदेवाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या, त्या गातच. पुढं विहीण धोंडाबाई. गाण्यात त्यांनी मैनाच्या आईला आळशी ठरवलं, बापाला चिक्कू. गाण्याला गाण्यानंच उत्तर द्यायची रीत. इकडच्या बाया चाचरल्या आणि बयाबाईकडं बघायला लागल्या. ती पदर दाबून बसलेली.

“मुलीकडं कुणी गाणारं हाय का नाय?” धोंडाबाईनं विचारलं.

मैनाची मान खाली गेली. ते काही बयाबाईला सोसवेना. पदर सुटला.

“विहीणबाई मिरवत आल्या एस्टीच्या टपावरून,
पैठणी तेवढी आणली मागून शेजारणीकडून!”

मांडव गार. कोण बाप्या गातोय म्हणून मागच्या बाया उठून बघायला लागल्या. मग धोंडाबाईच पोट धरून हसली आणि तिनं उलट गाणं टाकलं. बयाबाईनं ते परतवलं. असं बराच वेळ चाललं. नवा गळा पार रस्त्यापर्यंत पोचत होता. सायकलवाले थांबून ऐकत होते. मैना हळदीच्या तोंडानं हसत होती. शेवटी धोंडाबाईचाच घसा बसला.

“आज जिंकलात, इहीणबाई,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “पण पयलं बारसं तुमच्याच दारात व्हायचं. तवा बघते तुमच्याकडं.”

पाहुण्या गेल्या. बारशाला वर्ष तरी लागणार. बयाबाई थोडा वेळ लेकीकडं बघत राहिली. मग तिनं पदर न लावता, मोठ्यानं नवऱ्याला हाक मारली.

“अहो, डॉक्टरांना इचारून या, सुई आजच देतील का?”