उलटी चेन

"यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," मेकॅनिक गंभीरपणे म्हणाला. त्याच्यामागच्या भिंतीवरच्या बंद घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. बाहेर दुपार कलायला लागली होती.

टेबलावर जुनी चेन सॉ पडली होती. समोरच्या स्टुलावर धाकटी बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ही करवत तिच्या वडिलांची. त्यांच्यामागे ती थोरल्या बहिणीकडे गेली, कारण चालवता यायची ती फक्त थोरलीला. आणि दोन वर्षांपूर्वी थोरली घर सोडून निघून गेली. निदान तिचा नवरा तरी तसं सांगत होता.

"ठेवण्यासारखी आहे का, एवढंच सांगा," धाकटी म्हणाली.

तिला विचारायचं होतं ते वेगळंच. थोरली गेली त्या दुपारी समोरच्या बाईंनी भावोजींच्या अंगणातून करवतीचा आवाज ऐकला होता. भावोजी पोलिसांना म्हणाले, पडलेली फांदी कापायला गेलो, जमलं नाही, दिलं सोडून. भावोजी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. पोलिसांना त्यांचं म्हणणं पटलं, किंवा कळलं नाही, परिणाम एकच. धाकटीला मात्र पटलं नाही. तेव्हापासून तिने त्या घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

आता भावोजी घर विकून लांब चालले होते. 'तुझ्या वडिलांची वस्तू आहे, ठेवायची तर ने, नाहीतर भंगारात जाईल,' असा निरोप त्यांनीच पाठवला होता. ते एकदा गेले की विचारायला कोणी उरणार नव्हतं.

मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पेट्रोलचा नुसता डिंक झालाय. नळी तडकलीय. बऱ्याच दिवसांत हिला कोणी हात लावलेला नाही."

"आणि त्याच्याआधी?"

मेकॅनिकने फडक्याने चेन पुसली, दात्यांवरून बोट फिरवलं आणि एकदम हसायला लागला. "ही चेन कोणी चढवली हो?"

"का?"

"उलटी आहे! दात्यांची तोंडं मागच्या बाजूला. अशी लावली की आवाज भरपूर, धूर भरपूर, काम शून्य. लाकूड सोडा, केळं कापायची नाही ही."

धाकटीचे हात पर्सवरून निसटले. "नक्की?"

"चेन फिरते ती ही पट्टी बघा ना, तापून निळी पडलीय. बिचाऱ्याने जोर खूप लावलाय. चेन उतरली असणार, परत चढवताना घोळ झाला. शिकलेला माणूस दिसतोय."

"प्रोफेसर आहेत."

"तरीच!"

"म्हणजे त्या दिवशी हिने काहीच कापलं नाही?"

"कुणाचा केससुद्धा नाही, बाई. अहो, रडताय काय? होईल दुरुस्त. जुना माल आहे, आतून सगळा धातू. ठेवा खुशाल."

करवत गाडीत घालून ती थेट भावोजींच्या घरी गेली. अंगणात ती फांदी अजून आडवी पडली होती, वाळून काळी झालेली, कुठेही एक दात न लागलेली. आज धाकटीला ती साक्षीदारासारखी वाटली.

घर अर्धं रिकामं झालं होतं. दोऱ्यांनी बांधलेली खोकी भिंतीला लागून उभी होती. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढूनही पाऊल टाकायला जीव दबकावा. फळीवर थोरलीचा चष्मा होता, काचा पुसून लख्ख. चष्म्याशिवाय तिला हातभरावरचं दिसायचं नाही. एरवी तो बघून धाकटीच्या अंगावर काटा यायचा. आज तिने स्वतःला समजावलं, ताई पहिल्यापासून वेंधळीच, घेतला असेल नवा.

"काय म्हणाला मेकॅनिक?" भावोजींनी विचारलं.

"चेन उलटी होती म्हणाला."

भावोजींनी एका खोक्याची दोरी आवळली. "अस्सं होय! आणि मी यंत्राला नावं ठेवत होतो."

"भावोजी, मी तुमच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं. तोंडावर बोलले नाही, पण चारचौघांत बोलले."

"साहजिक होतं. हाताशी होतं त्यावरून तेच अनुमान निघत होतं."

"माफ करा मला."

"चहा घेशील?"

ती हो म्हणाली. भावोजींनी आधी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो एका दमात रिकामा केला आणि छातीवरून धोंडा उतरल्यासारखी खुर्चीत मागे टेकली.

तेवढ्यात शेजारचे काका दारातून डोकावले. घर रिकामं होतंय म्हटल्यावर हे दिवसातून तीनदा निरोप घ्यायला येत आणि जाताना काहीतरी उचलून नेत.

"पोरी, तुझ्या गाडीत ती जुनी करवत बघितली. ते धूड घेऊन काय करणार तू?"

"ठेवणार आहे, काका. बाबांची आठवण."

"आठवण म्हणून ठेव, पण काम पडलं तर माझी ने. बॅटरीवरची आहे, भिंतीपलीकडे आवाज जायचा नाही. त्या दिवशी ही ऐनवेळी आडून बसली, तेव्हा प्रोफेसरांनी माझीच नेली होती की!"

भावोजी स्वयंपाकघराच्या दारात कपबशी हातात धरून उभे होते.

"तुम्ही हे पोलिसांना सांगितलंत?" धाकटीने विचारलं.

"त्यांनी आवाजाचं विचारलं गं. माझीला आवाज कुठाय?" काका खुर्ची ओढून बसले. "पण माणूस असा मिळायचा नाही हो. लोक वस्तू नेतात आणि तशीच घाण आणून टाकतात. यांनी धुऊन परत दिली."