झाडांची निगा

बाळंतपणासाठी खुशबू तीन महिने माहेरी, नवेगाव बांध इथं होती. गोंदियाच्या घरात तिनं हौसेनं वाढवलेली कुंड्यांतली झाडं अतुलच्या भरवशावर जगतील, अशी तिला आशाच नव्हती. चहाचा कपसुद्धा जागचा न उचलणारा नवरा तो, आणि घरात कामवालीही नाही.

बाळाला घेऊन परतली, तर सगळी झाडं टवटवीत! मनीप्लांटची पिवळी पानं खुडलेली, वेलीला नवी काठी बांधलेली, स्नेक प्लांटच्या पानांवरची धूळसुद्धा ओल्या फडक्यानं पुसलेली. खुशबूचा ऊर भरून आला.

"अहो, एवढं सारं तुम्ही केलं?"

"मंग कोण करन? रोज सकाळी एकेका कुंडीत लोटाभर पाणी घालून राहिलो होतो."

"या स्नेक प्लांटले बी?"

"हो, त्याले बी रोज. काऊन?"

त्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. रोज लोटाभर मिळालं असतं, तर ते महिन्याभरातच मुळापासून सडलं असतं.

खुशबूनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.



"खरं सांगा, कोण येऊन राहिली होती या घरात?"